वर जागा सोड

सरांबद्दल लिहायचं ठरवून मी तीन वेळा वही उघडली आणि तीन वेळा मिटली. कुठून सुरू करावं तेच कळत नाही. त्यांना विचारलं तर म्हणतील, "कुठूनपण कर की. फक्त दोन ओळींत जागा सोड." मी सोडली आहे. आता सुरू करते.

आमची ओळख झेरॉक्सच्या दुकानात झाली. मी तेव्हा सोलापुरात कॉम्प्युटरच्या पदवीला दुसऱ्या वर्षाला होते. मंद्रूपहून रोज एसटीनं यायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे अडलं तर विचारायला घरात कोणी नव्हतं, आणि वर्गात विचारायला मला तोंड नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी उभी राहिले आणि खाली बसले. मधल्या वेळात एक अक्षर बोलले नाही. प्रश्न कळला होता. उत्तरही येत होतं. उत्तरातला इंग्रजी शब्द कसा म्हणायचा ते येत नव्हतं. तो मी फक्त वाचला होता, कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी त्या विषयात नापास झाले, आणि फेरपरीक्षेसाठी पुस्तकातली प्रकरणं झेरॉक्स करायला गेले होते.

इंग्रजी पुस्तकात मी अवघड शब्दाच्या वर पेन्सिलीनं बारीक देवनागरीत त्याचा उच्चार लिहून ठेवायची. आर्किटेक्चर. हायरार्की. आमच्या वर्गातली अर्धी मुलं असं करायची आणि सगळी लपवायची. झेरॉक्सला देताना खोडायचं असतं, ते त्या दिवशी मी विसरले. यंत्रातून कागद बाहेर आला आणि माझ्या मागच्या माणसानं तो मी उचलायच्या आत उचलला.

बुटका माणूस. पांढरा शर्ट, खिशात भिंग, खांद्यावर टॉवेल. भिंग काढून त्यांनी कागदाला नाक लावलं.

"कोणाचं हे?"

मी कागद घ्यायला हात पुढं केला.

"अगं, कोणाचं हे? ह्या 'हायरार्की'च्या डोक्यावर कोणी ठेवलं हे?"

"त्या पोरीचं आहे," दुकानदार म्हणाला. "सर, लाइनीत या की जरा."

"चुकून राहिलं," मी म्हटलं. "खोडणार होते."

"खोडशील तर बघ!" ते इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला. "ही रुबी आहे!"

"माझं नाव रुबी नाही," मी म्हटलं.

त्यावर ते हसले. हसताना त्यांचा खांद्यावरचा टॉवेल घसरायचा आणि ते तो परत टाकायचे. मग माझ्याच झेरॉक्सच्या मागच्या बाजूला चित्रं काढत त्यांनी मला, दुकानदाराला आणि रांगेतल्या चार जणांना समजावून सांगितलं. जपान आणि चीनकडची अक्षरं हजारांनी. अक्षर नुसतं बघून ते कसं वाचायचं हे तिकडच्या पोरांनासुद्धा कळत नाही. म्हणून मोठ्या अक्षराच्या वर त्याचा उच्चार बारीक अक्षरात लिहितात. पुस्तकात हे छापता येतं. पण वेबपानावर कॉम्प्युटरला वेगळं सांगावं लागतं, की हे बारीक अक्षर ह्या मोठ्याचं, शेजारच्याचं नाही. ते सांगायची जी खूण, तिचं नाव रुबी. इंग्रजी छापखान्यात फार बारीक टाइपाला रुबी म्हणायचे, तिथून ते नाव आलं.

"आणि हे काम सोलापुरात कोण करतं?" त्यांनी सगळ्यांकडं बघून विचारलं.

दुकानदारानं पुढचा कागद यंत्रात घातला.

"मी!" ते म्हणाले आणि पत्ता लिहून दिला. पत्त्याच्या प्रत्येक शब्दावर तेलुगूत बारीक उच्चार लिहिला होता. मला तेलुगू येत नाही. तरी मी दुसऱ्या दिवशी गेले. का गेले ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता वाटतं, माझ्या त्या चोरून केलेल्या खरडीला काही नाव असतं हे मला पहिल्यांदाच कोणी सांगितलं होतं.

सरांची खोली पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत होती, यंत्रमागांच्या शेडच्या वर. खाली टॉवेल विणायचे, त्यामुळे वरची फरशी दिवसभर थरथरायची. टेबलावरचा चहा कपात गोल गोल फिरायचा. सरांना ही अडचण वाटत नसे. "जे पान हितं वाचता येतं, ते जगात कुटंपण वाचता येतं," असं ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाइकं म्हणजे काय, जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीच्या कामाला जाणाऱ्या मुलामुलींना भाषा शिकवणारी एक संस्था, आणि चिनी माग विकणारे एक-दोन व्यापारी. संस्थेचे धडे जपानीत, मागांची माहितीपत्रकं चिनीत. त्या पानांवर उच्चार चढवायचे, एवढंच आमचं काम.

सर त्या उच्चारांना टोप्या म्हणायचे. गल्लीत चेष्टा व्हायची, की सर दिवसभर बसून लोकांना टोप्या घालतात. सर म्हणायचे, "व्हय, पण मापात घालतो." टोपी अक्षराच्या अर्ध्या मापाची. त्याहून मोठी झाली तर शेजाऱ्याच्या डोक्यावर जाते आणि भांडण लागतं. हे अर्ध्याचं माप त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की चहावाल्या मावशींना ते खिडकीतून ओरडून सांगायचे, "तीन चहा, एक रुबी!" रुबी म्हणजे अर्धा कप. मावशींनाही ते पाठ झालं होतं. पुढं तर त्यांच्या टपरीवर अनोळखी हमालसुद्धा रुबी मागायला लागले.

घरी मी सांगितलं की सोलापुरात मला टोप्यांचं काम मिळालं आहे. वडील म्हणाले, "लई चांगलं. शिवणकाम कदी वाया जात न्हाय." मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण तोवर त्यांनी ते सोसायटीच्या कट्ट्यावर सांगून टाकलं होतं. वर्षभर गावातली माणसं मला विचारत होती, की लग्नात लागतील तेवढ्या टोप्या आणता येतील का.

पहिल्या आठवड्यात माझी एक चूक झाली. 'आज' ह्या अर्थाचा जपानी शब्द दोन अक्षरांत लिहितात आणि वाचतात 'क्यो'. हा उच्चार दोन्ही अक्षरांचा मिळून आहे. त्याचे तुकडे करून एकेकाला वाटता येत नाहीत. मी वाटले. अर्धा ह्याच्या डोक्यावर, अर्धा त्याच्या. सर उठले, अंघोळीचा एक मोठा टॉवेल आणला, माझ्या आणि काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, दोघींच्या डोक्यावर मिळून टाकला आणि म्हणाले, "आता मावशींच्या टपरीपर्यंत जाऊन या."

काकू भाजी निवडायचं सोडून आल्या होत्या. "एमंडी, हे काय चालवलंय तुम्ही?" एवढं त्या म्हणाल्या, एमंडी म्हणजे त्यांच्या तेलुगूतलं 'अहो', पण चालायला लागल्या. आम्ही दोघी एका टॉवेलाखाली, एकीनं पाऊल लवकर टाकलं की दुसरीचं डोकं उघडं. साऱ्या गल्लीनं बघितलं. काकू टपरीवर पोचेपर्यंत इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. तेव्हापासून मी एकही जोडटोपी तोडलेली नाही.

तैवानच्या लोकांबद्दल सरांना विशेष आदर होता, कारण ते उच्चार अक्षराच्या वर ठेवत नाहीत, उजव्या बाजूला उभा लिहितात. "ते टोपी घालत न्हाईत," सर म्हणायचे, "कानावर पेन्सिल खोचतात." मग स्वतः कानावर पेन्सिल खोचायचे, आणि ती तिथंच आहे हे विसरून तासभर शोधायचे.

पण सगळ्यात मोठा प्रकार म्हणजे स्टूल.

नवं पान तयार झालं की सर ते आधी माणसांकडून करून घ्यायचे. खालच्या मागावरचे मामा जेवणाच्या सुट्टीत वर यायचे. ते तोंडात तंबाखू धरून गप्प बसायचे, म्हणून त्यांना मोठं अक्षर करायचं. ते जमिनीवर बसत. त्यांच्या मागं स्टूल, स्टुलावर काकू. काकू म्हणजे टोपी. मामांच्या पाठीवर सरांनी थाप मारली की काकूंनी उच्चार म्हणायचा. आणि मामांच्या दोन बाजूंना कंस. डावा कंस मी, उजवा कंस सर.

कंस कशाला, तर तेही सांगायला हवं. काही जुन्या ब्राउझरांना रुबीची खूण कळत नाही. मग टोपी वर बसत नाही. घसरून खाली येते आणि अक्षराच्या शेजारी त्याच ओळीत उभी राहते. वाचणाऱ्याला कळत नाही की अक्षर कुठलं आणि उच्चार कुठला. म्हणून उच्चाराच्या दोन बाजूंना दोन कंस आधीच लिहून ठेवायचे असतात. नव्या ब्राउझरात ते दिसत नाहीत. जुन्यात दिसतात.

"नवा ब्राउझर!" असं सर ओरडले की आम्ही दोघांनी कपाटामागं लपायचं. "जुना ब्राउझर!" ओरडले की काकूंनी स्टुलावरून उतरून मामांच्या शेजारी उभं राहायचं आणि आम्ही धावत येऊन काकूंच्या दोन बाजूंना हात वाकवून उभं राहायचं. सर कधी कधी मुद्दाम चटचट बदलायचे. "नवा! जुना! नवा! जुना!" काकू स्टुलावर चढून उतरून दमायच्या, मामांवर तंबाखू गिळायची वेळ यायची, खालून मालक ओरडायचा की छत पडतंय का.

मी नेहमीच कंस असायची. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, मला कधीतरी टोपी करा की."

"तू चांगली कंस आहेस," ते म्हणाले. "दिसत न्हाईस. पण घसरलं की तूच धरतीस."

मला ते तेव्हा फारसं आवडलं नव्हतं.

सर जपानी कुठं शिकले हे मी कितीतरी दिवसांनी विचारलं. ते पूर्वी एका टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीच्या टेबलावर कारकून होते. माल जपानला जायचा. तिकडून मापांच्या, रंगांच्या सूचनांचे कागद यायचे. इंग्रजी भाषांतर सोबत असायचं, पण सरांना मूळ कागद वाचायची हौस. ते अक्षरं बघून अंदाजानं वाचायचे आणि उत्तरात चुका करायचे. एके दिवशी आलेल्या कागदावर प्रत्येक अवघड अक्षराच्या वर कोणीतरी पेन्सिलीनं साधी बारीक अक्षरं लिहिली होती. ती साधी अक्षरं सरांनी महिन्याभरात पाठ केली, आणि मग सगळा कागद वाचता यायला लागला. पुढं कित्येक वर्षं प्रत्येक कागदावर ती पेन्सिल असायची.

"कोण लिहायचं?"

"काय की. तिकडचा कुणीतरी कारकून असणार. नाव न्हाय, सही न्हाय." सरांनी टॉवेल खांद्यावर नीट केला. "ओळींत जागा मात्र भरपूर सोडायचा बघ. त्याच्या पेन्सिलीच्या वर मी माझं तेलुगू लिहायचो."

तिथून ते त्यांचं वाक्य आलं होतं. वर जागा सोड. टोपीला लागते त्याहून जास्त. आमच्या पानांत दोन ओळींमधलं अंतर इतकं असायचं की संस्थेची माणसं तक्रार करायची, पान फार लांब होतं म्हणून. सर ऐकायचे नाहीत. "वरच्या मजल्यावर आणखी कोण राहायला येईल, आपल्याला काय ठाऊक?"

शेवटच्या वर्षाला प्रकल्प करायचा असतो. मी आमच्याच कामाचा केला. जपानी धड्यांचं वाचनपान, वर टोप्या. लिहायला मजा आली. पण त्याची तोंडी परीक्षा होती, आणि परीक्षक बाहेरगावचे. दुसऱ्या वर्षाच्या फेरपरीक्षेत मी काठावर सुटले होते, तरी आधीचं ते उभं राहणं आणि बसणं मला रोज आठवायचं. वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "तीन वर्सं म्हनलेलो, तीन दिली. चवथं न्हाय जमायचं, बाई." ते रागानं म्हणाले नव्हते. प्रश्न नुसत्या पैशाचाही नव्हता. धाकट्या बहिणीला पुढं शिकायचं होतं, आणि रोज एसटीला सोडायला-आणायला एकटा माणूस दोन पोरींना किती पुरणार. मला ते कळत होतं. म्हणजे ह्या खेपेला नापास झाले तर पदवी राहिली.

मला शिकवणाऱ्या मॅडमनी प्रकल्प बघितला आणि म्हणाल्या, "हे कंस कशाला? आता सगळे ब्राउझर नवे आहेत. काढून टाक, कोड स्वच्छ दिसेल." मी काढून टाकले. मॅडमना नाही कसं म्हणायचं?

सरांनी ते पाहिलं. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्यासाठी रुबी चहासुद्धा मागवला नाही. संध्याकाळी निघताना फक्त म्हणाले, "स्वतःलाच काढलंस की गं." मी दुसऱ्या दिवशी दिवसभर बसून सगळे कंस परत घातले, एकेक करून, हातानं. सर मागं उभं राहून मामांना सांगत होते, "बघा, कंस परत आलाय."

प्रकल्पाचा अहवाल इंग्रजीत लिहायचा, छापायचा आणि बांधून द्यायचा. सर म्हणाले, "छापून, बांधून मी आणतो. तू परीक्षेचं बघ." मी पेनड्राइव्ह दिला. परीक्षेच्या सकाळी ते कॉलेजच्या फाटकावर उभे होते, टॉवेलात गुंडाळलेल्या तीन प्रती घेऊन. बोचकं अपेक्षेपेक्षा जाड होतं.

"आत जाऊनच उघड," ते म्हणाले. त्यांचे डोळे दिवाळीच्या सकाळसारखे होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

परीक्षकांनी पहिलं पान उलटलं. मग दुसरं. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला. मॅडम वाकून बघायला लागल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. मीही वाकले.

माझ्या अहवालातल्या प्रत्येक अवघड इंग्रजी शब्दावर देवनागरीत टोपी होती. अर्ध्या मापाची, बरोबर मधोमध, एकही शेजाऱ्याला न लागणारी. ओळींत ऐसपैस जागा. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. पानंच्या पानं. दोन वर्षं मी पेन्सिलीनं लिहून खोडत आले होते, ते सरांनी छापून, बांधून, परीक्षकांच्या हातात दिलं होतं. इतकं सुंदर काम मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला ते जाळावंसं वाटलं.

"हे काय आहे?" परीक्षक म्हणाले. "पदवीचा अहवाल आहे का पहिलीचं पुस्तक?"

"सर, मी पाहिली ती प्रत अशी नव्हती," मॅडम घाईनं म्हणाल्या.

छापखान्याची चूक झाली, असं मला म्हणता आलं असतं. वाक्य जिभेवर तयार होतं. पण फाटकावर सर उभे होते आणि ते अजून तिथंच असणार, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

"ती रुबी आहे, सर," मी म्हटलं. आवाज मलाच अनोळखी वाटला. "हे शब्द मला लिहिता येतात. अर्थही कळतो. फक्त ते मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. आमच्या घरी इंग्रजी कोणी बोलत नाही. म्हणून वर लिहून ठेवते. आमच्या वर्गात पुष्कळ जण लिहितात. नंतर खोडतात."

परीक्षकांनी अहवाल मिटला. "चालवून दाखव," ते म्हणाले.

लॅबमधले बरे कॉम्प्युटर सगळे दुसऱ्या मुलांकडं होते. मला कोपऱ्यातला मिळाला, ज्याच्यावर शिपाईकाका डबा ठेवतात. त्यातला ब्राउझर कोणी किती वर्षांपूर्वी टाकला होता ते देवाला माहीत. मी पान उघडलं. एकही टोपी वर नव्हती. सगळ्या घसरून खाली आल्या होत्या.

पण प्रत्येक टोपी कंसांत होती. डावा, उजवा. डावा, उजवा. पानभर. एकही अक्षर दुसऱ्यात मिसळलं नव्हतं. सगळं वाचता येत होतं.

"हे वर कुठं आहे?" परीक्षक म्हणाले. "तू तर वर असतं म्हणालीस. आणि हे कंस?"

मी तोंड उघडलं. मला 'ब्राउझर' म्हणायचं होतं, 'सपोर्ट' म्हणायचं होतं, आणि आणखी एक लांब शब्द, तोच, जो मागच्या वर्षी अडला होता. तो पुन्हा अडला. मी खाली बसणार होते. खरंच बसणार होते. म्हणून मी स्टूल ओढलं. लॅबमध्ये बसायला स्टुलंच असतात.

बसता बसता माझं त्या स्टुलाकडं लक्ष गेलं.

"काका," मी दाराशी उभ्या असलेल्या शिपाईकाकांना म्हटलं, "जरा हितं खाली बसता का?"

"का गं?"

"तुमी अक्षर आहात."

काका बसले. का बसले ते मला आजही माहीत नाही. मी त्यांच्या मागं स्टुलावर चढले. "मी उच्चार. मी वर. आता मॅडम, तुम्ही इकडं उभ्या राहा. सर, तुम्ही तिकडं. हात असा वाकवा. तुम्ही दोघं कंस."

मी आयुष्यात कोणाला काही करायला सांगितलं नव्हतं. मॅडमनी परीक्षकांकडं बघितलं. परीक्षकांनी हातातलं पेन खिशाला लावलं आणि हात वाकवला.

"नवा ब्राउझर!" मी ओरडले. "तुम्ही लपा!"

मॅडम कपाटाकडं सरकल्या. परीक्षकांना लपायला जागा सापडेना, ते खिडकीच्या पडद्यामागं गेले.

"जुना ब्राउझर!" मी स्टुलावरून उडी मारून काकांच्या शेजारी उभी राहिले. "आता मी पडले. आता या! मला धरा, नाहीतर काका कुठले आणि मी कुठली ते वाचणाऱ्याला कळायचं नाही!"

दोघं धावत आले आणि हात वाकवून माझ्या दोन बाजूंना उभे राहिले. नेमके तेव्हाच आमच्या विभागाचे प्रमुख दारातून आत डोकावले. त्यांनी आम्हा चौघांना बघितलं, 'चालू द्या' असा हात केला आणि निघून गेले.

"आणखी एकदा नवा करा की," खाली बसलेले काका म्हणाले. "मजा येतीय."

"पुरे," परीक्षक म्हणाले, पण पडद्याची धूळ झटकताना ते हसत होते. मग खुर्चीत बसले आणि अहवाल परत उघडला. आता सावकाश वाचत होते, ओठ हलवत. एका पानावर थांबले, लाल पेन काढलं आणि एका टोपीभोवती गोल केला.

"हे 'डिटरमाइन' नाही. 'डिटर्मिन'. बाकी ठीक आहे." आणि सही केली.

मी फाटकापर्यंत पळत गेले. "सर, पास! सर, कंस होते म्हणून वाचले!"

"ते असू दे. बांधणी बघून काय म्हणाले?"

"सर, मला न विचारता का केलंत तुम्ही असं?" मला एकदम रडू यायला लागलं. "मी मेले असते तिथं."

"विचारलं असतं तर तू खोडलं असतंस," ते शांतपणे म्हणाले. मग राहवेना म्हणून पुन्हा, "काय म्हणाले पण?"

"एक टोपी चुकली म्हणाले."

सर फाटकाच्या दगडावर बसले. "कुटली?"

मी सांगितलं. त्यांनी तो शब्द दोन-तीन वेळा तोंडातल्या तोंडात घोळवला, नव्या रीतीनं. "कारखान्यात लागल्यापासून मी डिटरमाइनच म्हणतोय," ते म्हणाले. "साहेबांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, सगळ्यांसमोर." माझ्याकडं बघितलं. "अगं, मला तरी कुणी तोंडानं सांगितलं होतं?"

आणि ते हसायला लागले. टॉवेल घसरला, त्यांनी टाकला, परत घसरला, शेवटी त्यांनी तो डोक्यावरच घेतला आणि मावशींच्या टपरीकडं निघाले. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "डिटर्मिन बरं का, डिटर्मिन." त्या दिवशी त्यांनी मला पूर्ण कप पाजला.

दुसऱ्या दिवशी ते ग्रंथालयात जाऊन कॉलेजच्या प्रतीतल्या त्या चुकलेल्या टोपीवर 'डिटर्मिन' लिहिलेली, मापात कापलेली चिठ्ठी चिकटवून आले.

आता मी नोकरीला आहे. मागच्या महिन्यात एक दाखला आणायला कॉलेजला गेले होते, तेव्हा ग्रंथालयात डोकावले. माझा अहवाल जागेवर नव्हता. "तो कधीच जागेवर नसतो," तिथल्या बाई म्हणाल्या. "तोंडी परीक्षा आली की पोरं तोच मागतात. शब्द मोठ्यानं म्हणून बघायला." थोड्या वेळानं कोणीतरी परत आणून दिला.

रेक्झिनचे कोपरे झिजले होते. सरांची चिठ्ठी जागच्या जागी होती, डिंक पिवळा पडलेला. आणि सरांच्या टोप्यांच्या वर, त्या ऐसपैस मोकळ्या जागेत, पेन्सिल होती. एका पानावर कोणीतरी कन्नडमध्ये लिहिलं होतं, अक्कलकोटकडचं कोणी असणार. पुढं तेलुगू. एका प्रकरणात उर्दू, उजवीकडून डावीकडं. एका शब्दावर तर तिन्ही, एकावर एक, आणि तरी जागा उरली होती.

मी तिथूनच सरांना फोन केला. मागून मागांची खडखड ऐकू येत होती.

"सर, तुमच्या वरच्या मजल्यावर माणसं राहायला आलीत."

मी काय पाहिलं ते सगळं सांगितलं.

"वरच्या ओळीला टेकतात का गं कुणी?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा पानं उलटून नीट बघितलं.

"नाही, सर. कोणीच टेकत नाही."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले आणि खिडकीतून मावशींना ओरडले, "एक रुबी!"